विकास अर्थशास्त्राच्या प्राध्यापकीची वाट: कुठून निघायचं, कुठे वळायचं

सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कंझरा ही नावं आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतील, पण विकास अर्थशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधात ती कायमची नोंदली गेली आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५पासून या आणि अशा काही गावांतल्या घराघरांची शेती, मजुरी, उधार-उसनवार आणि खाण्यापिण्याचा खर्च वर्षानुवर्षं टिपून ठेवला. त्या नोंदी वापरून रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात निबंध छापला. त्यांचा प्रश्न असा: एखाद्या घराचं पीक बुडालं किंवा कर्ता माणूस आजारी पडला, तर त्या घराचं खाणंपिणंही तितकंच घटतं, की गाव त्याला सावरून घेतं? उत्तर आलं, बरंचसं सावरून घेतं, पण पुरतं नाही, आणि भूमिहीनांना तर कमीच.

गरीब देशांतली माणसं कशी कमावतात, कसं निभावतात, कुठे अडतात आणि सरकारने काय केलं तर फरक पडतो, हे पुराव्यानिशी तपासणं म्हणजे विकास अर्थशास्त्र. याचंच अध्यापन आणि संशोधन पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून करायचं असेल तर काय करावं लागतं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. वाटा दोन आहेत, त्यांच्या अटी वेगळ्या आहेत, आणि दोन्हींवर अर्धं-अर्धं चालणाऱ्याची वर्षं वाया जातात. म्हणून आधी त्याबद्दल.

पायरी १: दोन वाटांपैकी एक निवडा

पहिली वाट आपल्या वरिष्ठ महाविद्यालयांची आणि राज्य विद्यापीठांची. एमए, मग नेट किंवा सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, मग मुलाखत, पीएचडी आधी किंवा नोकरीत असताना. नेट देशभर चालते आणि वर्षातून साधारण दोनदा होते: दोन पेपर, दीडशे प्रश्न, तीनशे गुण, तीन तास. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांपुरती असते. २०२३पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएचडीची सक्ती नाही. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर भत्ते.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात अनुदानित महाविद्यालयांतल्या पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, आणि नेट-सेट झालेली असंख्य मुलंमुली तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे घेत, तिशी ओलांडतात. सुट्टीत मानधन नाही आणि पुढच्या जूनची हमी नाही. ही वाट धरू नका असं माझं म्हणणं नाही. घरची परिस्थिती, जिल्हा न सोडण्याची गरज, शिकवण्याची खरी ओढ अशी चांगली कारणं असतात. मात्र तासिकेवर किती वर्षं काढायची याची मर्यादा स्वतःशी आधीच ठरवून ठेवा, कारण ती दुसरं कुणी ठरवून देत नाही.

दुसरी वाट संशोधनप्रधान संस्थांची: परदेशी विद्यापीठं, आणि आपल्याकडे आयआयएम, आयआयटी, भारतीय सांख्यिकी संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, अशोका किंवा अझीम प्रेमजीसारखी खासगी विद्यापीठं. इथे निवड मुख्यतः तुमच्या संशोधनाकडे, त्यातही एका निबंधाकडे पाहून होते. परदेशात नेटला काडीचीही किंमत नाही. उलट तिकडच्या उत्तम निबंधाला आपल्या महाविद्यालयाच्या निवड समितीत किती वजन मिळेल हेही सांगता येत नाही.

दोन्हींना जोडणारा एक पूल आहे, तो म्हणजे जेआरएफ. नेटमध्ये वरच्या गुणांवर ही छात्रवृत्ती मिळते. २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. वयाची मर्यादा साधारण ३०, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत. देशातच पीएचडी करायची असेल तर हा आधार मोठा आहे. त्यामुळे नेटचा अभ्यास ‘पात्रतेपुरता’ न करता जेआरएफ डोळ्यांसमोर ठेवूनच करा.

पायरी २: गणित, आणि तेही आत्ताच

आपल्या बीए अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात गणित फार थोडं असतं. त्यामुळे वर्गात पहिली आलेली मुलगीसुद्धा एमएच्या प्रवेश परीक्षेत अडखळते, आणि मग आपल्याला अर्थशास्त्रच जमत नाही असं तिला वाटू लागतं. दोष तिचा नसतो. बीएच्या दुसऱ्या वर्षापासून चार विषय स्वतःहून धरावे लागतात: कलनशास्त्र (एकापेक्षा जास्त चलांचं), रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि संख्याशास्त्र, आणि परदेशी पीएचडीचा विचार असेल तर रिअल ॲनालिसिस, म्हणजे कलनशास्त्रामागची काटेकोर सिद्धता. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर हे सगळं फुकट आहे. गावात गणिताचे निवृत्त प्राध्यापक असतील तर त्याहून चांगलं.

अभियांत्रिकी किंवा बीएस्सी गणित करून इकडे येणाऱ्यांचं उलटं असतं. त्यांना समीकरणं येतात, पण सातबारा वाचता येत नाही. तेही शिकावं लागतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट. इंग्रजीची भीती बोलण्याची असते, पण या व्यवसायात खरी गरज लागते ती वाचण्याची आणि लिहिण्याची. आठवड्याला एक शोधनिबंध घ्या, प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचा, आणि त्याचा सारांश आधी मराठीत मांडा. मराठीत नीट सांगता आलं नाही तर तो समजलेला नाही असं खुशाल धरा.

पायरी ३: एमए कुठे

भारतीय सांख्यिकी संस्थेची (दिल्ली आणि कोलकाता) स्वतःची लेखी परीक्षा असते आणि ती अवघड असते. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जेएनयू, गोरेगावची संस्था, तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे पुढचे पर्याय. पुण्यात १९३०पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, मुंबई विद्यापीठात मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी आहे. ग्रामीण विकासाच्या अंगाने जायचं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र पाहा. २०२१पासून आयआयटीच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतही अर्थशास्त्र हा विषय आला आहे.

निवडताना क्रमवारी पाहत बसू नका. त्या विभागातले तीन अध्यापक निवडा, गेल्या पाच वर्षांत त्यांनी काय छापलं ते शोधा, आणि त्यांचे विद्यार्थी पुढे कुठे गेले ते विचारा. यापुढचं सगळं काम शिफारसपत्रांवर चालणार आहे, आणि ती पत्रं हीच माणसं लिहिणार आहेत.

पायरी ४: दोन वर्षं संशोधन सहायक

एमएनंतर थेट पीएचडीला जाणं आता कमी झालं आहे. मधली एक-दोन वर्षं एखाद्या संशोधन प्रकल्पात काम करायचं, पगार घ्यायचा आणि धंदा शिकायचा, अशी रीत पडली आहे. जे-पॅल ही गरिबीवरचे उपाय प्रयोग करून तपासणारी, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात २००३ साली सुरू झालेली संस्था आहे. तिच्या दक्षिण आशिया शाखेत अशा जागा निघतात, विद्यापीठांच्या प्रकल्पांतही निघतात. काम काय असतं? प्रश्नावली तयार करणं, तिचं भाषांतर, सर्वेक्षकांचं प्रशिक्षण, रोज संध्याकाळी आलेल्या माहितीत चुका शोधणं, मग महिनोन्‌महिने स्टाटा किंवा आर या सॉफ्टवेअरमध्ये ती साफ करणं. कंटाळवाणं असतं. पण पुढे ज्यांच्या शोधनिबंधांवर विश्वास ठेवता येतो, त्यांतल्या बहुतेकांनी हे केलेलं असतं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचं पारडं जड होतं ते नेमकं इथे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ सालचं नोबेल मिळालं. त्यांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या प्रयोगांपैकी एक ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा होता, तो मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत झाला. वाचनात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच एखाद्या तरुणीने वेगळं बसवून शिकवलं तर काय फरक पडतो, हे त्यात मोजलं. अशा कामात परक्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी तुम्हाला दिसल्या पाहिजेत.

दोन उदाहरणं देतो. बीडच्या ऊसतोड कामगारांचं सर्वेक्षण करायचं आहे आणि प्रश्नावलीत रकाना आहे: ‘प्रत्येक कामगाराची मजुरी’. हा रकाना भरताच येत नाही. तिथे हिशेबाचं एकक ‘कोयता’ असतं, म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे, आणि हिशेब फिटतो तोही कोयत्याचा. बाईची वेगळी मजुरी कुठेच नोंदलेली नसते. सर्वेक्षकाने घाईत एकूण रकमेला दोनने भागून टाकलं, तर पुढे कुणीतरी बाई आणि पुरुष यांच्या मजुरीत तफावत नाही असा निष्कर्ष काढील. शिवाय हे सर्वेक्षण जानेवारीत ठेवलंत तर गावात म्हातारी माणसं आणि पोरंच भेटतील, कारण दिवाळीच्या सुमाराला कोयते कारखान्यांकडे निघून गेलेले असतात.

दुसरं उदाहरण. ‘तुम्ही काही काम करता का?’ असं एखाद्या बाईला विचारलं की उत्तर येतं, ‘नाही, घरीच असते.’ तिने सकाळी शेळ्या सोडलेल्या असतात, दुपारी स्वतःच्या रानात खुरपणी केलेली असते. तिला ते काम वाटत नाही, कारण त्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणून एकच प्रश्न न विचारता कामांची यादी वाचून दाखवावी लागते: खुरपणी, वेचणी, जनावरं, शिवण, दुकानावर बसणं. भारतातल्या स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण, नेमका किती, हा वाद बराचसा अशा प्रश्नांच्या शब्दरचनेवर उभा आहे.

लोक हमखास विचारतात, ‘माहिती दिली तर काही योजना मिळणार का?’ खरं उत्तर ‘नाही’ असंच असतं आणि ते पहिल्याच मिनिटाला द्यायचं. संमती घेताना गावच्या पुढाऱ्याला शेजारी बसू देऊ नका. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी प्रकल्प सुरू होण्याआधी हवी, नंतर नाही.

पायरी ५: पीएचडी

अमेरिकेत अर्ज साधारण डिसेंबरमध्ये जातात, निर्णय फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतात आणि १५ एप्रिलपर्यंत होकार-नकार द्यायचा असतो. तीन शिफारसपत्रं लागतात. ‘हा विद्यार्थी हुशार आणि नम्र आहे’ असं विभागप्रमुखांचं पत्र निरुपयोगी. तुमच्यासोबत वर्षभर काम केलेल्या तरुण संशोधकाने ‘या मुलीने आमच्या माहितीतली अमुक चूक पकडली’ असं लिहिलं तर त्या ओळीला वजन असतं. जीआरई ही प्रवेश परीक्षा काही विद्यापीठं मागतात, काही मागत नाहीत. जिथे मागतात तिथे गणिताच्या भागात १७०च्या जवळ जावंच लागतं. अर्जाचं शुल्क परवडत नसेल तर शुल्कमाफी मागा, बरीच विद्यापीठं देतात आणि त्यात संकोच नको. चांगल्या विभागांत फी माफ असते, वर निर्वाहापुरतं विद्यावेतन मिळतं. स्वतःच्या खर्चाने अर्थशास्त्राची पीएचडी करायला जाऊ नका.

देशात करायची असेल तर २०२४पासून नेटच्या गुणांवरही पीएचडीला प्रवेश मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्थांच्या संशोधन छात्रवृत्ती आहेत. परदेशासाठी अनुसूचित जातींना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जाहिराती कधी निघतात यावर लक्ष ठेवा, मुदती आखूड असतात आणि कागदपत्रांत जातपडताळणीला वेळ लागतो.

पहिली दोन वर्षं वर्ग आणि परीक्षा यांत जातात. माणसं गळतात ती तिसऱ्या वर्षी, कारण आता प्रश्न देणारं कुणी नसतं, तो स्वतः शोधायचा असतो. ‘महाराष्ट्रातील शेतीचा विकास: एक अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक आहे. प्रश्न असा असावा की त्याचं उत्तर चुकीचंही निघू शकेल.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्यावर जे काम केलं, त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न एका वाक्यात मावतो: माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळायच्या तर महिन्याला किती खर्च करावा लागतो, आणि तेवढाही न करू शकणारे किती? १९६०-६१च्या किमतींनुसार उत्तर आलं, ग्रामीण भागात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. माहिती राष्ट्रीय नमुना पाहणीची होती, सगळ्यांना उपलब्ध असलेली. नवीन होता तो प्रश्न. त्याआधी १९१८ साली, सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले त्याच वर्षी, डॉ. आंबेडकरांनी तुकड्यांच्या शेतीवर निबंध लिहिला. सगळे म्हणत होते जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे. त्यांनी विचारलं, लहान कशाच्या तुलनेत? जमिनीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल कमी असेल, तर नुसते तुकडे जोडून काय होणार? उपाय त्यांनी उद्योगीकरणात सांगितला.

हे दोन्ही वाचून मगच स्वतःचा प्रश्न लिहायला बसा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

प्रश्न मिळाला की पद्धत येते. योजना लागू होण्याआधीचा आणि नंतरचा फरक, सीमारेषेच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांची तुलना, यादृच्छिक प्रयोग (योजना कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं), हे सगळं शिकून घ्यावं लागतंच. मात्र पद्धत हाताशी आहे म्हणून तिला शोभणारा प्रश्न शोधत हिंडणं ही सध्याची साथ आहे. परीक्षकांना ती लांबून ओळखू येते.

पायरी ६: नोकरीचा बाजार

आंतरराष्ट्रीय पातळीवर अर्थशास्त्रज्ञांच्या नोकऱ्यांचा हंगाम असतो, खरीप-रब्बीसारखा. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या यादीवर जाहिराती येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्ज जातात, डिसेंबर-जानेवारीत मुलाखती (आता ऑनलाइन) आणि त्यानंतर निवडक उमेदवारांना विद्यापीठात बोलावून व्याख्यान. उमेदवाराला आपली खास पसंती कळवण्यासाठी दोन ‘सिग्नल’ मिळतात. ते अव्वल विद्यापीठांवर उधळू नका. जिथे तुम्ही बसता पण तुम्ही खरंच याल यावर त्यांचा विश्वास बसणार नाही, अशा ठिकाणी वापरा.

सगळा भार एका निबंधावर असतो. तो दोन मिनिटांत, वीस मिनिटांत आणि दीड तासात, असा तिन्ही मापांत सांगता आला पाहिजे. तालमीसाठी भारतीय सांख्यिकी संस्थेची दिल्लीतली डिसेंबरची परिषद चांगली. भारतातल्या संशोधन संस्था याच हंगामात निवड करतात, पण काहींना नुसता ई-मेल करूनही चर्चासत्राची वेळ मिळते.

पायरी ७: नोकरी लागल्यावर

निबंध पाठवल्यापासून छापून येईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. ‘जर्नल ऑफ डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स’, ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’, ‘इकॉनॉमिक डेव्हलपमेंट अँड कल्चरल चेंज’ ही या विषयाची मुख्य नियतकालिकं. धोरणाच्या चर्चेत शिरायचं तर मुंबईतून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ आहेच. नकार येतील, बहुतेक वेळा नकारच येतील. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकांचे ई-मेल मात्र न वाचता पुसा. बढतीच्या गुणांसाठी तिथे छापलेला निबंध पुढे आयुष्यभर तुमच्या नावाखाली दिसत राहतो.

मराठीतही लिहा. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं वार्षिक अधिवेशन आणि तिचं ‘अर्थसंवाद’ हे नियतकालिक आहे. तिथे भेटणारे ग्रामीण महाविद्यालयांतले शिक्षक तुम्हाला पुढच्या सर्वेक्षणासाठी गावं दाखवतील, चांगले सर्वेक्षक मिळवून देतील. नियुक्तीच्या गुणांत याचं वजन शून्याच्या आसपास असेल, पण कामात भरपूर.

आणि अजून बीएलाच असाल तर या सुट्टीत एक काम करा. सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची, म्हणजे पीएलएफएसची, व्यक्तीनिहाय माहिती नोंदणी करून फुकट मिळते. ती उतरवून घ्या, आर सॉफ्टवेअरही फुकट आहे. महाराष्ट्रातल्या ग्रामीण स्त्रियांचा श्रमसहभाग दर स्वतः काढा आणि सरकारी अहवालातल्या आकड्याशी ताडून पाहा. पहिल्या फटक्यात तो जुळणार नाही. बहुधा भारांक, म्हणजे नमुन्यातली एक व्यक्ती किती जणांच्या जागी धरायची तो गुणक, लावायचा राहिलेला असेल, किंवा त्या गुणकाला शंभरने भागायचं की दोनशेने हे सोबतच्या सूचनापत्रात वाचलेलं नसेल. वयोगटही तपासा, अहवाल कधी सगळ्या वयांचा आकडा देतो, कधी पंधरा वर्षांवरचा. आकडा जुळेपर्यंत सोडू नका, आणि जुळला की केलेल्या पायऱ्या त्याच फाइलमध्ये टिपून ठेवा. संशोधन सहायकाच्या पहिल्या मुलाखतीत ‘कधी काही आकडेवारी हाताळली आहे का’ असं विचारतात तेव्हा ती फाइल उघडून दाखवता येते.